शौचातून रक्त जाते? आरोग्य मंदिरातील मोफत कर्करोग तपासणीत काय पाहतात, काय पाहत नाहीत

आशाताई घरी येऊन "तिशीच्या पुढच्या सगळ्यांची कर्करोग तपासणी आहे, मंगळवारी केंद्रावर या" असे सांगून गेल्या, तुम्हीही गेलात. रक्तदाब मोजला, बोटाला सुई टोचून साखर पाहिली, बॅटरीच्या उजेडात तोंड तपासले. "काही नाही, सगळे ठीक आहे" असे ऐकून तुम्ही निश्चिंत मनाने घरी आलात. मात्र गेले तीन-चार महिने संडासला गेल्यावर अधूनमधून रक्त पडते, ते तिथे कोणी विचारले नाही आणि तुम्हीही सांगितले नाही. मूळव्याध तर घरात सगळ्यांनाच आहे, त्यात काय सांगायचे?

हे पान मुख्यतः तुमच्यासाठी आहे. त्या दिवशी मिळालेले "सगळे ठीक" तोंडाबद्दल होते, आतड्याबद्दल नव्हते.

केंद्रावर नेमके काय तपासले जाते?

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात ३० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची पाच आजारांसाठी मोफत तपासणी होते. उच्च रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हे ते पाच आजार. ही तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. तुमचे जुने उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजेच हे. २०१८ पासून त्याला आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणत, २०२३ च्या अखेरीस नाव बदलले. पाटीवर अजून जुने नाव असेल तरी सेवा तीच आहे.

त्याआधी आशाताई घरी येऊन एक प्रश्नावली भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला आजार होता का, अशा प्रश्नांना गुण असतात. बेरीज ४ च्या वर गेली तर तुम्हाला आधी बोलावतात. बेरीज कमी आली म्हणून तपासणी चुकवायची असे मात्र नाही. ती तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी आहे. रक्तदाब आणि साखर दरवर्षी तपासायची असते. तिन्ही कर्करोगांची तपासणी ३० ते ६५ या वयात दर पाच वर्षांनी एकदा होते.

महिलांना गर्भाशयमुखाच्या तपासणीची धास्ती वाटते, म्हणून त्याबद्दल थोडे. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण लावतात आणि मिनिटभराने तिथे पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहतात. कापाकापी नाही, भूल नाही, निकाल लगेच मिळतो. पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असेही नाही. पुढे नीट पाहायला हवे एवढाच त्याचा अर्थ. इतक्या साध्या तपासणीने काय साधते, असे वाटेल. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख महिलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाला. ज्या वस्त्यांमध्ये ही तपासणी ठरावीक काळाने होत राहिली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या.

तरीही लोक येत नाहीत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही करून घेतलेल्या महिला केवळ १.९ टक्के होत्या. म्हणजे शंभरात दोघीही नाहीत. स्तनाची तपासणी झालेल्या एक टक्क्याहूनही कमी. पुरुषांमध्ये तोंडाची तपासणी १.२ टक्के. त्यानंतर मोहिमा झाल्या. २० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात तिशीपुढील सर्वांसाठी देशभर विशेष मोहीम झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महिलांसाठी 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान निघाले. तुम्ही त्या वेळी गेला नसाल तर पुढच्या मोहिमेची वाट पाहू नका. ही सेवा वर्षभर चालू असते. तपासणीचा वार कोणता ते आशाताईंना विचारून ठेवा, कारण रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचा एक दिवस चुकीच्या वारी जाऊन वाया गेला की तो दुसऱ्यांदा येत नाही. यात दोष त्याचा नाही.

मग आतड्याच्या कर्करोगाचे काय?

मोठे आतडे आणि त्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय, यांचा कर्करोग वरच्या पाचांच्या यादीत नाही. त्यामुळे त्यासाठी तुम्हाला केंद्रावरून बोलावणे येणार नाही.

परदेशात असलेला मुलगा किंवा भाचा फोनवर म्हणेल, "आमच्याकडे तर पन्नाशीनंतर घरी पाकीट येते." खरे आहे. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी शौचाचा नमुना घेण्याचे साहित्य टपालाने घरी येते. नमुन्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त सापडले तर पुढे आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात. अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून तपासणी सुरू करण्याची शिफारस २०२१ मध्ये झाली. भारतात या कर्करोगाचे प्रमाण त्या देशांपेक्षा बरेच कमी आहे. शिवाय नमुन्यात रक्त निघालेल्या प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी करायला तेवढी यंत्रे आणि तेवढे तज्ज्ञ लागतात. नुसते नमुने गोळा करून पुढची सोय नसेल तर लोकांना घाबरवून सोडल्यासारखे होईल. म्हणून निरोगी माणसांना सरसकट बोलावणे इथे सुरू नाही.

याचा चुकीचा अर्थ काढला जातो, आणि त्यात आमच्यासारख्या भाषांतर करणाऱ्यांचाही वाटा आहे. इंग्रजी कागदांत दोन वेगळे शब्द असतात. त्रास नसलेल्या माणसाला बोलावून पाहणे हा एक, आणि त्रास असलेल्या माणसाच्या त्रासाचे कारण शोधणे हा दुसरा. मराठीत आम्ही दोन्हीकडे 'तपासणी' लिहितो. मग "आतड्याच्या कर्करोगाची तपासणी कार्यक्रमात नाही" हे वाक्य वाचून "म्हणजे सरकारी दवाखान्यात ती होतच नाही" असे वाटते. तसे नाही. त्रास नसताना बोलावणे येणार नाही, एवढेच त्या वाक्यात आहे. त्रास असेल तर तुम्ही स्वतः जायचे. तिथे डॉक्टरांनी तुम्हाला पाहायचे आहे, आणि गरज असेल तर पुढे पाठवायचे आहे.

मूळव्याध म्हणून गेलेले महिने

आपल्याकडे शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध, हे इतके पक्के आहे की दुसरे काही डोक्यातच येत नाही. बसस्टँडजवळच्या भिंतींवर 'बिना ऑपरेशन मूळव्याध, भगंदर बरे' अशी जाहिरात असते. कोणी चूर्ण देते, कोणी अंगठी घालायला सांगते. बहुतेक वेळा ती खरोखर मूळव्याधच असते, म्हणून तर हा गैरसमज टिकून राहतो. पण गुदाशयातल्या गाठीतूनही तसेच लाल रक्त येते. नुसत्या रंगावरून किंवा थेंबांवरून घरी फरक कळत नाही. मूळव्याध असलेल्या माणसाला गाठ होऊ शकत नाही, असेही नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

म्हणून रक्तासोबत आणखी काय होते याकडे लक्ष द्या. रोज सकाळी एकदा जाणाऱ्या माणसाला काही आठवड्यांपासून कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ असे होत आहे. जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटून पुन्हा पुन्हा जावे लागते. शौच पूर्वीपेक्षा बारीक होते, त्यात चिकट आव पडते. पोटात मुरडा येतो. जेवण तेच असून वजन उतरते. किंवा यातले काहीच ठळक नाही, फक्त जिना चढताना धाप लागते आणि रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन कमी निघते. हे शेवटचे विशेष लक्षात ठेवा. आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडे थोडे झिरपते, ते डोळ्यांना दिसत नाही. पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या बाईचे हिमोग्लोबिन कारणाशिवाय कमी असेल तर गोळ्या घेऊन थांबू नका. रक्त कुठून जाते, हे डॉक्टरांना विचारा.

उगीच घाबरू नये म्हणून हेही सांगायला हवे. बीट खाल्ल्यावर शौच लालसर होते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर काळपट होते. दोन दिवस झालेले जुलाब म्हणजे कर्करोग नव्हे. काही आठवडे टिकलेला, आपोआप न गेलेला बदल महत्त्वाचा.

"मी तर पस्तिशीचा आहे, मला कसा होईल?" हा प्रश्न नेहमी येतो. वय वाढते तसा हा आजार वाढतो हे बरोबर आहे, पण तिशी-चाळिशीतल्या माणसांनाही तो होतो. वय कमी म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करू नका आणि दुसऱ्यालाही करू देऊ नका.

आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला काही त्रास नसला तरी ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार कळला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा डॉक्टरांशी बोलायला हवे. भाऊ ४२ व्या वर्षी आजारी पडला असेल तर तुम्ही ३२ व्या वर्षी.

केंद्रावर जाऊन काय बोलायचे?

"पोटाचा त्रास आहे" एवढेच म्हणालात तर ॲसिडिटीची गोळी मिळण्याची शक्यता जास्त. स्पष्ट बोला: "दोन महिन्यांपासून संडासातून रक्त जाते, आठवड्यातून तीनदा. आधी असे नव्हते. वजनही उतरले आहे." कधीपासून, किती वेळा, आधी काय होते, या तीन गोष्टी सांगितल्या की समोरच्याला पुढचे ठरवता येते.

उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ते वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहतील. डॉक्टर नसतील तर ई-संजीवनीवरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणे करून देता येते, तसे करून द्या म्हणा. पण व्हिडिओवर सगळे होत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटाला लागू शकते. ही तपासणी मिनिटभराची असते आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. लाजेपोटी ती नाकारली जाते, कधीकधी गर्दीत डॉक्टरांकडूनही राहून जाते. "बोटाने तपासणी करायची का?" असे तुम्ही स्वतः विचारू शकता. बाईने महिला डॉक्टर मागाव्यात, नसतील तर तपासणीच्या वेळी नर्सताईंना सोबत थांबायला सांगावे. अशी मागणी करणे अजिबात चुकीचे नाही.

खासगी प्रयोगशाळेत शौचातल्या लपलेल्या रक्ताची चाचणी मिळते. त्रास चालू असताना त्या चाचणीत 'नाही' आले म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नका. गाठीतून रोज रक्त येतेच असे नाही.

पुढे पाठवले तर

चिठ्ठी मिळते, पण माणूस पुढच्या दवाखान्यात पोहोचतच नाही, असे बरेचदा होते. चिठ्ठी खिशात राहते, पेरणी येते, लग्न येते. म्हणून केंद्रावरून उठण्याआधीच विचारा: कोणत्या रुग्णालयात जायचे, कोणत्या विभागात, बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, किती वाजेपर्यंत केसपेपर काढतात. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवून ठेवा. आशाताईंना तारीख सांगा, त्या आठवण करतील.

पुढची मुख्य तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी. ती बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या वर, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते. गुदद्वारातून लवचीक नळी आत घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. तपासणीपेक्षा आदल्या दिवसाचाच त्रास जास्त. हलके जेवण, मग औषध घातलेले भरपूर पाणी प्यायचे आणि आतडे पूर्ण रिकामे होईपर्यंत संडासला जात राहायचे. घरात शौचालय नसेल किंवा सामायिक असेल तर आदल्या रात्री रुग्णालयातच दाखल करून घेता येईल का ते विचारा. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. गुंगीचे औषध देतात, म्हणून परतताना सोबत कोणी हवे. दुचाकी स्वतः चालवू नका.

आत एखादा लहान कोंब दिसला, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात, तर तो बहुधा त्याच वेळी काढून टाकता येतो. आतड्याचे बरेचसे कर्करोग अशा कोंबातूनच होतात आणि कोंबाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. म्हणजे वेळेवर काढलेला कोंब हा पुढे होऊ शकणारा कर्करोग टाळतो. संशय वाटला तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. तो अहवाल यायला काही दिवस लागतात. तो आणायला कोण जाणार, हेही आधीच ठरवा.

लोक न जाण्याचे एक कारण उघड बोलत नाहीत: पोटावर पिशवी लावतील ही भीती. काही रुग्णांना ती लागते, काहींना फक्त थोड्या महिन्यांसाठी. पण गाठ लहान असताना कळली तर पिशवी टळण्याची शक्यता वाढते, उशीर केला तर घटते. बरे होण्याचेही तसेच. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार आजार आतड्यापुरताच असताना कळलेल्या १०० पैकी सुमारे ९० जण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर कळला तर सुमारे १५.

खर्च कोण करणार?

केंद्रावरच्या पाचही तपासण्या मोफत आहेत, त्यासाठी कोणतेही कार्ड लागत नाही. खर्चाचा प्रश्न पुढे येतो.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार नोंदणीकृत रुग्णालयात रोख पैसे न भरता मिळतात. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन त्यात येते. आजार आधीपासूनचा असला तरी पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो. मात्र दाखल न होता बाहेरून केलेली तपासणी यात येत नाही. दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा तपासणी-औषधांचा खर्च येतो. म्हणून खासगी केंद्रात कोलोनोस्कोपी करून नंतर कार्ड दाखवले तर ते पैसे परत मिळतील असे धरून चालू नका. निदान शक्यतो सरकारी रुग्णालयातच करून घ्या.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे आहेत, तिथे ठरलेले शुल्क लागू शकते. महाराष्ट्रात ही केंद्रीय योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून चालते. गोव्यात राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तुम्ही मराठी बोलणारे पण इंदूर, बडोदा किंवा बेळगावचे रहिवासी असाल तर कार्ड तुमच्या राज्याच्या यादीतून निघेल. आयुष्मान कार्डावर मात्र दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकृत रुग्णालयातही उपचार घेता येतात. उपचारासाठी मुंबईला येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

घरात ७० वर्षे पूर्ण झालेले कोणी असेल तर उत्पन्न कितीही असो, ते पात्र आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना वेगळे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. कुटुंब आधीच योजनेत असेल तर त्यांच्या वाट्याला स्वतंत्र ५ लाख येतात, ते घरातल्या इतरांमध्ये वाटले जात नाहीत. यासाठी आधार कार्ड पुरते.

कार्ड आजारी पडण्याआधीच काढून ठेवा. आयुष्मान ॲपवर, नोंदणीकृत रुग्णालयात किंवा आपले सरकार अथवा सामायिक सेवा केंद्रात आधार आणि शिधापत्रिका घेऊन जा. आधारवरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळत नसेल तर तिथेच अडते, आणि दाखल व्हायच्या दिवशी ते दुरुस्त होत नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर आधी आरोग्य मित्राचा कक्ष शोधा. मंजुरीचे कागद तेच पाठवतात. योजनेत असलेल्या उपचारासाठी कोणी रोख पैसे मागितले तर पावती मागा आणि १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका.

उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला तिकिटात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर दाखवावे लागते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून ते मागून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला उपयोगी पडेल.